शाल नको, सोमवारचा डबा द्या

४ ऑगस्ट हा संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण. धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या पॅरिशमध्ये, सेवा करणाऱ्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते संत, म्हणून त्याच्या मागच्यापुढच्या रविवारी वसईतल्या अनेक चर्चमध्ये फादरांचा सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, केक, धर्मशिक्षणाच्या मुलांचं समूहगीत आणि महिला मंडळातर्फे चार शब्द. हे चार शब्द वीस मिनिटं चालतात. फादर हसतमुखाने उभे असतात, कारण दुसरा इलाज नसतो. त्यांची त्या दिवसाची दुसरी किंवा तिसरी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, नुकतीच आटोपलेली असते आणि संध्याकाळी बाप्तिस्मे असतात.

यामागची कृतज्ञता खोटी नसते. पण ती नको तिथे खर्ची पडते. कपाटात शालींची चळत वाढते, आणि ज्याची फादरांना खरोखर गरज असते त्याला पैसे जवळजवळ लागतच नाहीत, लागते ती वर्षभराची शिस्त. ही शिस्त धर्मग्रामातल्या बायकांकडे आधीपासून आहे. कोणाच्या घरी कोण अंथरुणाला खिळलंय, कोणाची सून माहेरी गेलीय, कोणत्या घरातला मुलगा दारूच्या नादी लागलाय, हे पॅरिशच्या कचेरीआधी त्यांना कळतं. छोट्या ख्रिस्ती समूहांच्या, म्हणजे शेजारच्या कुटुंबांच्या गटांच्या, बैठका त्याच चालवतात, धर्मशिक्षणाचे वर्गही बहुतेक त्याच घेतात. म्हणून फादरांना आधार कसा द्यायचा, या प्रश्नाचं व्यवहारी उत्तर त्याच देऊ शकतात. फक्त हा आधार स्वयंपाकघर आणि सत्कार एवढ्यावर अडकता कामा नये.

तरी सुरुवात स्वयंपाकघरापासूनच करू, कारण तिथेच प्रेमाने सर्वात जास्त नुकसान होतं.

फादरांचं खाणं दोन टोकांचं असतं. सणाच्या, लग्नाच्या, घरभरणीच्या दिवशी तीन घरी तीन ताटं, आणि प्रत्येक ठिकाणी ‘फादर, एवढं घ्याच’. न घ्यावं तर यजमानीण हिरमुसते, घ्यावं तर साखर वाढते. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या माणसाला हा आग्रह महागात पडतो. दुसरं टोक सोमवारचं. रविवारी राबलेल्या आचाऱ्याची सुटी असते आणि फादरगृहात आदल्या दिवशीचं मटण गरम होतं किंवा पावाबरोबर अंडं. डबा हवा तो त्या दिवशी.

डब्याची पद्धत लावायची तर आधी आचाऱ्याशी किंवा तिथे स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी बोलावं. हे न केल्यामुळे कितीतरी चांगल्या योजना महिन्याभरात मोडतात: आपल्या हाताखालचं काम काढून घेतलं, असं त्यांना वाटतं आणि ते रास्तही आहे. मग फादरांना एकदाच, एकीनेच विचारावं: काय चालत नाही, गोळ्या कधी घेता, कोणत्या वेळी जेवता, आचारी कोणत्या दिवशी नसतो. उत्तरं कागदावर लिहून समूहांना द्यावीत, म्हणजे तेच प्रश्न चाळीस जणी चाळीस वेळा विचारणार नाहीत. एका दिवशी एकच घर. माणशी तीन चपात्या, एक भाजी, वाटीभर आमटी, थोडा भात, जमलं तर मासळीचा एखादा तुकडा. फादर दोघे असतील तर दोघांचं. डबा साडेबाराला पोचवायचा आणि पाच मिनिटांत परत फिरायचं, कारण डब्याबरोबर तासभर गाऱ्हाणी गेली तर त्या जेवणाचा उपयोग काय? रिकामा डबा कचेरीत ठेवलेला असेल, तो दुसऱ्या दिवशी न्यावा.

हे बिघडतं ते ठरलेल्या क्रमाने. पहिला महिना उत्साहाचा असतो, साध्या डब्याची बिर्याणी होते, मग ‘त्यांनी बिर्याणी दिली, आपण भेंडी कशी द्यायची’ म्हणून स्पर्धा लागते, तिसऱ्या महिन्यात गळती. बिर्याणीवर पहिल्याच बैठकीत बंदी घातलेली बरी. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या शुक्रवारी मांसाहार नाही हे सगळ्यांना माहीत असतं, तरी गडबड होते ती गुरुवारचं उरलेलं शुक्रवारी खपवण्याच्या नादात. आणि नाताळात तीस घरांतून फराळाची तीस ताटं येतात तेव्हा त्यातली अठ्ठावीस कोणत्या वसतिगृहाला किंवा वृद्धाश्रमाला जातील, हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच ठरवून ठेवावं.

जेवणापेक्षा मोठा आधार आजाऱ्यांच्या बाबतीत देता येतो. त्याबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण बायकांनी मनावर घेतलं तर धर्मगुरूंचं सर्वात जड काम निम्म्याने हलकं होतं.

पापनिवेदन ऐकणं आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग, म्हणजे पवित्र तेल लावून दिला जाणारा संस्कार, देणं हे फक्त धर्मगुरू करू शकतात. पवित्र कम्युनिअन, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेली भाकर, मात्र प्रशिक्षण घेतलेली आणि परवानगी मिळालेली प्रापंचिक व्यक्तीही आजाऱ्याच्या घरी नेऊ शकते. १९७३ पासून चर्चने ही मुभा दिलेली आहे आणि त्यात स्त्री-पुरुष भेद नाही. तरीही महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एकटे फादर सकाळपासून दुपारपर्यंत स्कूटरवरून तीस-पस्तीस घरं फिरताना दिसतात. प्रत्येक घरी चार मिनिटं. ज्या म्हातारीला मन मोकळं करायचं असतं तिलाही चारच मिनिटं, आणि ज्यांना फक्त कम्युनिअन हवं असतं त्यांनाही चारच.

उपाय यादीत आहे. प्रत्येक समूहातल्या एकीने आपल्या आळीतल्या आजाऱ्यांची वही ठेवावी: नाव, घराची खूण, घरच्यांचा फोन, गिळता येतं का, ऐकू येतं का, शेवटचं पापनिवेदन कधी झालं, तैलाभ्यंग कधी मिळालं. महिन्याच्या शेवटी या वह्या एकत्र करून दोन भाग करायचे. ज्यांना पापनिवेदन किंवा तैलाभ्यंग हवं आहे अशी सहा-सात घरं फादरांकडे. बाकीची घरं परवानगी मिळालेल्या सेवक-सेविकांनी वाटून घ्यायची. कम्युनिअनची छोटी डबी घेऊन चर्चमधून थेट आजाऱ्याच्या घरी जायचं; वाटेत बाजार नाही, ओटीवर गप्पा नाहीत. गिळायला त्रास असेल तर बारीक तुकडा आणि मागून घोटभर पाणी. एक तासाच्या उपवासाचा नियम आजाऱ्याला आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्याला लागू नाही. हे माहीत नसल्यामुळे कितीतरी म्हाताऱ्या गोळी न घेता ताटकळत बसतात.

फादर येणार असतील तेव्हा घरी टेबलावर स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी ठेवलेलं असावं, टीव्ही बंद असावा. पापनिवेदन असेल तर घरच्यांनी खोलीबाहेर जाऊन दार लोटून घ्यावं. इथे हमखास चूक होते. सून पाणी घेऊन आत येते, नातू डोकावतो आणि म्हातारा जे बोलणार असतो ते गिळून टाकतो. बहिरा असेल तर आवाज बाहेर जाणार, हे धरून रेडिओवर भक्तिगीतं लावून ठेवावीत.

सर्वात मोठी चूक उशिराची. तैलाभ्यंग म्हणजे मरणाची चाहूल, हा समज अजून गेलेला नाही. ‘फादरांना बोलावलं तर बाबा घाबरतील’ म्हणून घरचे थांबतात आणि रात्री दोनला फोन करतात, तेव्हा श्वास थांबून अर्धा तास झालेला असतो. हा संस्कार जिवंतांसाठी आहे. मोठ्या शस्त्रक्रियेआधी, गंभीर आजाराच्या सुरुवातीला, नुसत्या म्हातारपणाच्या अशक्तपणातही तो घेता येतो, आणि बरं होऊन पुन्हा आजार उलटला तर पुन्हाही. शेजारणीने घरच्यांना हे दिवसाउजेडी, वेळेवर सांगितलं तर आजाऱ्याला शुद्धीत संस्कार मिळतो, अखेरची शिदोरी म्हणून कम्युनिअन घेता येतं आणि फादरांना एक रात्र नीट झोप मिळते. रात्री फोन करूच नये असा याचा अर्थ नाही. अपघात, अचानक आलेला झटका यासाठी रात्रीचा फोन असतोच आणि तिथे संकोच नको.

सक्रिस्तीतल्या, म्हणजे चर्चमधल्या तयारीच्या खोलीतल्या, कामाला आपल्याकडे कोणी काम समजत नाही. कपडे धुणं म्हणजे काय मोठंसं! पण वेदीवरचं कापड धुण्याची रीत वेगळी आहे. कॉर्पोरल (भाकर आणि कप ठेवायला वेदीवर अंथरतात ते कापड) आणि प्युरिफिकेटर (कप पुसायचा रुमाल) आधी साध्या गार पाण्यात खळबळायचे आणि ते पाणी मोरीत न टाकता झाडाच्या मुळाशी मातीत ओतायचं, कारण त्यात पवित्र भाकरीचे कण किंवा द्राक्षरसाचे थेंब असू शकतात. त्यानंतर ते नेहमीसारखे धुवायचे. गरम पाणी आधी वापरलं तर द्राक्षरसाचा डाग पक्का बसतो. ब्लीचने डाग जातो पण सुती कापड वर्षभरात विरतं. कॉर्पोरलला स्टार्च चालतो, त्याला आतल्या बाजूला घड्या अशा घालायच्या की तीनदा तीन असे नऊ चौकोन पडतील, म्हणजे उघडताना कण आतच राहतात. प्युरिफिकेटरला स्टार्च अजिबात नको, नाहीतर तो टिपतच नाही आणि कप पुसताना फादर कापड नुसतं फिरवत राहतात. प्रत्येक मिस्सेला एक धुतलेला, या हिशेबाने आठवड्याला किती लागतील ते मोजून दोन आठवड्यांचे तयार ठेवावेत.

इथे कोणी म्हणेल, म्हणजे पुन्हा बायकांनी धुणी-भांडीच करायची का? आक्षेप बिनतोड आहे आणि त्याचं उत्तर व्हियानींच्याच आर्स गावात मिळतं. फ्रान्समधल्या त्या लहानशा गावात व्हियानींनी १८२४ साली मुलींसाठी शाळा काढली. कॅथरीन लास्साञ आणि बेन्वात लार्दे या गावातल्याच दोन तरुणींवर त्यांनी ती सोपवली. या शाळेत पुढे अनाथ मुलीही राहू लागल्या आणि व्हियानी तिथे धर्मशिक्षण देत. व्हियानी स्वतः उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत, लोकांनी दिलेली गादीसुद्धा गरिबाला देऊन टाकत. त्यांच्या खाण्यापिण्याची काळजी करणाऱ्या बायका होत्याच, पण इतिहासात नाव उरलं ते संस्था चालवणाऱ्या कॅथरीनचं. व्हियानींच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे कळतं त्यातलं बरंचसं तिच्या आठवणींमुळे. शुभवर्तमानातही तेच. लूकच्या आठव्या अध्यायात मरिया माग्दालिया, हेरोदाचा कारभारी खुजा याची बायको योहान्ना आणि सुसान्ना या स्त्रिया आपल्या पैशाअडक्यातून येशूची आणि बारा शिष्यांची सेवा करतात. म्हणजे खर्चावर त्यांचा हात होता.

आपल्या धर्मग्रामांत मात्र खर्चाच्या चर्चेला बायका सहसा चहा घेऊन येतात. वास्तविक कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या, ५३७व्या कलमाप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पालकीय परिषदेबद्दल, म्हणजे धर्मग्रामाच्या कामात फादरांना सल्ला देणाऱ्या समितीबद्दल, ५३६वं कलम बिशपांना मोकळीक देतं. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये रोममधल्या सिनडच्या, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेच्या, अंतिम दस्तऐवजात या परिषदा सक्तीच्या व्हाव्यात, असा आग्रह धरलेला आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या, शाळेचे हिशेब ठेवलेल्या, पतपेढी चालवलेल्या बायका वसईत गावोगाव आहेत. त्यांनी अर्थसमितीत जाणं हा फादरांना फार मोठा आधार आहे, कारण धर्मगुरूंना सर्वात जास्त पोखरणारी कुजबुज पैशाचीच असते. रविवारचं दान नात्यात नसलेल्या दोघांनी मोजावं, नोटा-नाण्यांची फोड वहीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात, आणि रक्कम बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी भरली जावी. एवढं झालं की फादरांना पैशाला हात लावावा लागत नाही आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. तिमाही हिशेब फलकावर लावला तर उरलीसुरली शंकाही जाते.

आता प्रवचनाबद्दल. ‘फादर, काय सुंदर बोललात!’ हे वाक्य दर रविवारी सक्रिस्तीच्या दारात ऐकू येतं आणि त्यातून फादरांना काहीच कळत नाही. तेच प्रवचन किती लांबलं यावर तोवर घरोघरी तोंडसुख घेऊन झालेलं असतं. पोप फ्रान्सिस यांनी २०२४ मध्ये प्रवचन आठ मिनिटांपेक्षा जास्त नको, असं सांगितलं होतं; त्यानंतर लोकांना झोप येते, हेही तेच म्हणाले. कोणीतरी हे फादरांना आदराने आणि तोंडावर सांगायला हवं. मिस्सेनंतर लगेच नको, तेव्हा ते थकलेले असतात. मंगळवार-बुधवारी, एकच मुद्दा, नेमका: ‘फादर, पहिल्या पाच मिनिटांतली गोष्ट लक्षात राहिली, पुढचे तीन मुद्दे डोक्यावरून गेले.’ त्याहून चांगलं म्हणजे चार-पाच जणींनी मंगळवारी येत्या रविवारची वाचनं वाचावीत आणि आपल्या जगण्यातले दोन प्रश्न फादरांना लिहून पाठवावेत. क्षमेबद्दलचं शुभवर्तमान असेल आणि आळीत जमिनीच्या वाटणीवरून दोन भाऊ बोलत नसतील, तर नावं न घेता हा प्रश्न फादरांपर्यंत पोचला पाहिजे. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरूंच्या प्रशिक्षणसंस्थेत, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवतात. आळीतलं भांडण त्यांना आपल्याकडूनच कळणार.

प्रार्थनेचा मुद्दा इतक्या उशिरा का, असं काहींना वाटेल. तिच्याबद्दल बोलणं सोपं आणि पाळणं अवघड, म्हणून. सत्काराच्या दिवशी प्रार्थनागुच्छाच्या कार्डावर ‘५०० रोझरी, १०० मिस्सा’ असे आकडे छापतात. यातल्या किती म्हटल्या गेल्या, याचा जाब कोणी विचारत नाही. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातून २०११ मध्ये सुरू झालेली एक पद्धत यापेक्षा खरी आहे: एका धर्मगुरूसाठी सात जणी, प्रत्येकीला आठवड्याचा एक वार, त्या दिवशी पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमध्ये ठेवलेल्या पवित्र भाकरीसमोर, एक तास. आपल्याकडे शेती, नोकरी, नातवंडं सांभाळून तास जमत नसेल तर वीस मिनिटांची एक रोझरी घरी. सात नावं ठरवायची, आजारपणात बदली कोण येईल ते आधीच नक्की करायचं, आणि याची घोषणा चर्चमध्ये करायची नाही.

सुटीच्या बाबतीत आपण कंजूष आहोत. कॅनन लॉच्या ५३३व्या कलमानुसार प्रमुख धर्मगुरूंना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुटी घेता येते, आणि वार्षिक चिंतनाचे, म्हणजे रिट्रीटचे दिवस त्यात धरत नाहीत. फादर आठ दिवस गावी गेले की ‘आमचे फादर कायम बाहेरच’ असं म्हणणारे पुष्कळ असतात, आणि हे बोलणं थांबवणं बायकांच्या हातात आहे. फादरांचा आठवड्याचा सुटीचा वार समूहांच्या व्हॉट्सअॅपवर लिहून ठेवावा आणि त्या दिवशी दाखला, सही, हॉलचं बुकिंग यासाठी फोन करू नये. फादरांचे आईवडील बहुतेक वेळा दोन-तीन गावं पलीकडेच असतात. पण सणासुदीला त्यांचा मुलगा दुसऱ्याच्या गावात मिस्सा म्हणत असतो. नाताळच्या संध्याकाळी त्या आईकडे कोणीतरी जाऊन आलं, तर फादरांसाठी त्याहून मोठी भेट नाही.

सोबत द्यायची म्हणजे सीमा पुसायच्या, असं मात्र नाही. फादरगृहात दिवे लागल्यावर एकटीने जाऊ नये, समुपदेशन कचेरीत, काचेच्या दाराआड किंवा दार उघडं ठेवून व्हावं, रात्री दहानंतर व्यक्तिगत निरोप पाठवू नयेत. यात अविश्वास नाही. फादरांना आणि बाईला, दोघांनाही यात संरक्षण आहे. आणि एखाद्या मुलाबद्दल, मुलीबद्दल काही वावगं कानावर आलं, तर ‘आपल्या फादरांची बदनामी होईल’ म्हणून ते दाबणं हा आधार नव्हे. बालकांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमाप्रमाणे अशी माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा बालकांसाठीच्या विशेष पोलिस पथकाला कळवायची आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. भारतीय बिशप परिषदेने २०१७ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत स्वतःची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. ती महिला मंडळाच्या एखाद्या बैठकीत मराठीतून वाचली जावीत. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये सगळ्या विश्वासू लोकांना लिहिलेल्या पत्रात धर्मगुरूंना मखरात बसवण्याची वृत्ती आणि हे अत्याचार यांचं नातं स्पष्टपणे दाखवलं होतं. मखरातल्या माणसाला चूक सांगता येत नाही, आणि त्याला बरं वाटत नसेल तर तेही कोणी विचारत नाही.

बदलीच्या वेळी आपण पुन्हा शालीकडे वळतो. निरोपसमारंभ तीन तास चालतो, नवे फादर चार दिवसांनी येतात आणि त्यांच्या हाती चाव्यांचा जुडगा सोडून काही नसतं. कोणता समूह बंद पडलाय, कोणत्या दोन आळ्यांत वाद आहे, कोण आजारी आहे, हे कळायला त्यांना सहा महिने लागतात. आजाऱ्यांच्या वह्या, डब्याची यादी, सक्रिस्तीतल्या कापडांचा हिशेब आणि धर्मशिक्षणाच्या वर्गांची पटसंख्या एका फायलीत घालून पहिल्या आठवड्यात त्यांच्यापुढे ठेवावी. जुन्या फादरांबद्दल गाऱ्हाणी त्या फायलीत नकोत. आणि पंच्याहत्तरी ओलांडून निवृत्त झालेले आपले एखादे आधीचे फादर कुठे राहतात, तो पत्ताही शेवटच्या पानावर असू द्यावा. महिन्यातून एक समूह तिकडे जाऊन येईल, आणि जाताना केक नेण्याआधी त्यांची साखर किती आहे ते तिथल्या सिस्टरांना विचारेल.